मैलाचे दगड पुसलेली सूची

मित्रांनो, मी एक जुनी, दाबून लहान केलेली सूची आहे. साऱ्या ज्ञात रोगजंतूंच्या जनुकांतील अक्षरे एकापुढे एक लिहिली आणि दोन जंतूंच्या मध्ये एकेक खूण ठेवली, तर चारच अक्षरांचा अफाट ग्रंथ होतो. प्रयोगशाळेतल्या ताईंनी ती अक्षरे अशी फिरवून बसवली, की सारखी अक्षरे शेजारी आली आणि अख्खा ग्रंथ माझ्या इवल्याशा पोटात मावला! माझी वाचण्याची रीत उफराटी आहे: शेवटचे अक्षर आधी, पहिले शेवटी. सापडलेला तुकडा ग्रंथात नेमका कुठे आहे हे कळावे, म्हणून ताईंनी माझ्यात अंतराअंतरावर मैलाचे दगड रोवले होते.

पाहुणे आले, की प्रयोगशाळेचे प्रमुख "आमची सूची" म्हणून मला मिरवत. पुढे नवी यंत्रे आली आणि मी अडगळ ठरले. प्रमुखांना मोकळी जागा फार प्रिय. डोक्यात ती होतीच. आता संगणकातही हवी झाली. "शोध लागतो ना? मग दगड कशाला?" असे म्हणून त्यांनी दगड पुसले. मूळ ग्रंथही पुसला. तो माझ्या पोटात होताच.

एके सकाळी रुग्णालयातून डॉक्टरांचा फोन आला. "तान्ही मुलगी आहे हो. ताप हटत नाही. जंतू कळल्याशिवाय औषध ठरवता येत नाही."

नव्या यंत्रांना जंतू ओळखता येईना, तेव्हा ताईंनी तिच्या रक्तात मिळालेला जंतूच्या जनुकाचा तुकडा मला दिला. सापडला! एकाच ठिकाणी! पण कुठे? दगडच नव्हते, सांगणार कशी?

"सापडला ना? मग कळवून टाका," प्रमुख म्हणाले.

"काय कळवू, साहेब? जंतू आहे, पत्ता साहेबांनी पुसला?" ताई माझ्याकडे वळल्या. "चल बाई, आता पायीच. पार पहिल्या अक्षरापर्यंत मागे जा. वाटेत जंतूंच्या मधल्या खुणा मोज."

मी निघाले! एकेक अक्षर मागे, खुणेमागून खूण, दगडांवाचून, न चुकता! पहिले अक्षर गाठले, तेव्हा ताईंनी खुणांवरून कितवा जंतू ते ताडले आणि नाव फोनवर अक्षरशः ओरडून सांगितले.

दुपारी डॉक्टर म्हणाले, "औषध बदललं. ताप उतरतोय. पोरगी दूध प्यायली!"

ताईंनी दगड पुन्हा रोवले. प्रमुख हल्ली पाहुण्यांना ते आपल्या दूरदृष्टीचा नमुना म्हणून दाखवतात. दाखवोत बापडे. मित्रांनो, तुम्ही मात्र एवढे करा: कुणाच्या वाटेवरची खूण पुसण्याआधी त्या वाटेने एकदा चालून पाहा. तान्ह्या मुलीला वाट पाहायला लावून मी ती चालले आहे.