संत्र्यांची पैज

ईस्टरला डोंगरावरच्या लाकडी घरात राहायचे, दिवसभर बर्फावरून घसरायचे आणि संध्याकाळी संत्री सोलत खुनाच्या गोष्टी बघायच्या, ही आम्हा नॉर्वेकरांची रीत. मी शिक्षक होतो तेव्हा वर्गातली मुले विचारत, असे का? मी म्हणायचो, "शेकोटीपाशी बसून घाबरायला बरं वाटतं."

यंदा टीव्हीवर खरीच घडलेली घटना दाखवणार होते. माझ्या मुलीचा, इंगुनचा खून. म्हणून नात रग्ना हिला घेऊन मी अनोळखी डोंगरात, टीव्ही नसलेले घर भाड्याने घेतले. पण शेजारचा गुडमुंड दारात हजर.

"आजोबा, संध्याकाळी या हं! खुनी कोण, यावर संत्र्यांची पैज लावतो आम्ही."

तो गेल्यावर मी म्हणालो, "आपण नाही जायचं."

"जायचं," बारा वर्षांची रग्ना म्हणाली. "सगळे बघणार आणि मी लपून बसू? मी काय केलंय?"

संध्याकाळी आम्ही गुडमुंडकडे गेलो.

पडद्यावर एकेक संशयित आला: इंगुनचा मित्र, तिचा शेजारी, दुकानमालक. टेबलावर प्रत्येकाच्या नावाची बशी मांडली होती. गुडमुंडच्या बायकोने, हेर्डिसने, शेजाऱ्याच्या नावाच्या बशीत संत्रे ठेवले.

"डोळे बघा मेल्याचे! मी असते तर पहिल्याच दिवशी ओळखलं असतं."

"तू? तुला लग्नाआधी माझं घोरणं ओळखता आलं नाही!" गुडमुंड हसला. "रग्ना, तुझं संत्रं कुणावर?"

"मला माहीत आहे कोण ते. जिचा खून झाला ती माझी आई आहे."

गुडमुंडने रिमोटकडे झेप घेतली.

"बंद नका करू. इतका वेळ बघत होतात ना? बघा."

"अगं बाळ, आम्हाला ठाऊक नव्हतं गं..." हेर्डिस पुटपुटली.

"आईपण दर ईस्टरला बघायची. 'मी असते तर ओळखलं असतं', तीपण म्हणायची."

तिकडे टीव्हीवरचा आवाज सांगत होता, इंगुन अबोल होती.

"खोटं!" रग्ना उसळली. "आजोबा, सांगा यांना."

मी उभा राहिलो, वर्गात राहायचो तसा. सांगितले, इंगुन घर डोक्यावर घ्यायची. टीव्हीवरची गोष्ट ज्या पुस्तकावरून घेतलेली, त्याचे शेवटचे पान गुपचूप वाचून यायची आणि पैजेची सगळी संत्री जिंकायची. पकडली तर म्हणायची, "मग काय!"

हेर्डिसला रडताना हसू फुटले. टीव्हीकडे आता कुणाचेच लक्ष नव्हते.

रग्नाने बशा एकेक करून आपल्याकडे ओढल्या.

"अगं, सगळी?" मी म्हणालो.

"मग काय!" म्हणत तिने पहिले संत्रे सोलायला घेतले.