कुंकू लागलेलं सत्तावीस नंबर

राजुरीच्या एसटी स्टँडसमोर कन्हैयालाल यांचं स्टेशनरी आणि जनरल स्टोअर आहे. त्याच्या माळ्यावर पंचवीस वर्षं चार खोकी धूळ खात पडली होती. पूर्वी च्युइंगमच्या पाकिटातून पैलवानांची कार्डं निघायची. उंची, वजन, छाती, कुस्त्या, सगळं मागे छापलेलं. शाळेतली पोरं त्यांच्यावर जीव टाकायची. मग ते खूळ ओसरलं आणि उरलेला माल माळ्यावर गेला. कन्हैयालाल वर्षातून एकदा म्हणायचे, "रद्दीला काढा," आणि वर्षातून एकदा विसरायचे.

सून जागृती लग्न होऊन आली आणि एका उन्हाळ्यात माळा झाडायला चढली. ती खाली उतरली ती नाकभर धूळ आणि हातात एक कोरं करकरीत कार्ड घेऊन. तिने फोनवर शोधलं, तर तसल्या कार्डांवर जीव टाकणारी पोरं आता चाळिशीची झाली होती, पगारदार झाली होती आणि लहानपणी हरवलेलं एकेक कार्ड परत मिळवायला निघाली होती. जागृतीने पदर खोचला. सहा महिन्यांत तिचा धंदा असा बसला, की आळेफाट्याचा कुरिअरवाला तिला नावाने ओळखू लागला.

पण गिऱ्हाईक! काउंटरवरचं गिऱ्हाईक निदान समोर उभं असतं. हे फोनमधलं गिऱ्हाईक म्हणजे वेगळंच प्रकरण. एक जण नमस्कार न करताच विचारायचा, "शेवटचा भाव बोला." एकाने कार्डाचे चौदा फोटो मागवले आणि वर विचारलं, "वास कसा येतो? दमट तर नाही ना?" एकाने तर लिहिलं होतं, "घरात कोणी पुरुष माणूस असेल तर त्याच्याशी बोलतो." जागृतीने त्याला सासऱ्यांचा नंबर दिला. कन्हैयालाल त्याच्याशी पाऊण तास बोलले, सगळं पावसापाण्याचं. त्या माणसाने दमून सांगितल्या भावात दोन कार्डं घेतली.

सासऱ्यांकडून ती एक गोष्ट नीट शिकली होती. भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाला मधे तोडायचं नाही. त्याला बोलू द्यायचं, पार दमेपर्यंत बोलू द्यायचं, मग शांतपणे एकच प्रश्न विचारायचा.

सगळ्या खोक्यांत सत्तावीस नंबरचं कार्ड एकच निघालं होतं. काळ्या मुखवट्याचा पैलवान, दोन्ही हात कमरेवर. हे कार्ड मुळात फार थोड्या पाकिटांत असायचं, म्हणून हौशी मंडळी त्याच्यासाठी वेडी होती. जागृतीने ते जपून ठेवलं होतं, दिवाळीनंतर विकायला काढायचं म्हणून.

आणि दिवाळीलाच घोळ झाला. लक्ष्मीपूजनाला दुकानातल्या मालाला टिळा लावायचा, ही घरची रीत. वह्या, पेनं, कंपासपेट्या, सगळ्याला. सासूबाई गुलाबबाई ताट घेऊन फिरत फिरत सुनेच्या टेबलापाशी आल्या. हाही मालच की! त्यांनी मोठ्या कौतुकाने सगळ्यात वर ठेवलेलं कार्ड उचललं, ओल्या कुंकवात अनामिका बुडवली आणि कार्डाच्या मागच्या कोपऱ्यात टिळा लावला. वरचं कार्ड म्हणजे सत्तावीस नंबर.

"मम्मी, सत्यानाश केला!" जागृती ओरडली. पाहुण्यांसमोर ओरडली. डाग पडलेल्या कार्डाची किंमत निम्म्यावर येते, हे त्यांना कोण सांगणार होतं? गुलाबबाई ताट तसंच हातात धरून उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला ठावं न्हाई गं, बाई." त्या दिवसापासून त्या टेबलाजवळून जाताना हात पदरात घ्यायच्या. जागृतीला ते दिसायचं, टोचायचं, पण माफी मागायला तिची जीभ रेटत नव्हती.

तिने कार्ड विकायला काढलं ते डागासकट, काही न लपवता. मागच्या बाजूचा मोठा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "कोपऱ्यात कुंकवाचा टिळा आहे. पूजेचा आहे. पुसणार नाही." बरेच जण मागे हटले. शेवटी 'कार्डसम्राट' अशा भारदस्त नावाच्या एका इसमाने ते घेतलं. कार्ड पोचलं त्या दिवशी त्याने हौशी मंडळींच्या ग्रुपवर पुढून मागून फोटो टाकून मिरवूनही घेतलं.

पाचव्या दिवशी सम्राटांचा नूर पालटला. "मला नकली कार्ड पाठवलं. हल्ली छापलेलं. परत पाठवतोय, पैसे द्या. राजुरीच्या या बाईपासून सगळ्यांनी सावध राहा."

हा ग्रुप जुन्नरचा तन्वीर चालवत होता. माणूस सरळ, पण नियमाला पक्का. नकली माल विकणारा ग्रुपमधून कायमचा बाहेर. त्याने जागृतीला फोन केला. "ताई, माझा तुमच्यावर भरोसा आहे. पण तक्रार सगळ्यांसमोर आलीय, निकाल पण सगळ्यांसमोरच लागायला पाहिजे. रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल ठेवतो." म्हणजे रविवारी दोनातलं एक होणार होतं. नाव राहणार, नाहीतर सत्तावीस नंबरचे पैसेही जाणार आणि धंदाही.

शनिवारी पार्सल परत आलं. जागृतीने कार्ड हातात घेतलं मात्र, तिच्या लक्षात आलं. कागद गुळगुळीत, कडा नुकत्या कापलेल्या. नकली होतं, यात शंकाच नव्हती. पण मागे त्याच कोपऱ्यात कुंकवाचा टिळाही होता, खऱ्या कुंकवाचा! पठ्ठ्याने अस्सल ठेवून घेतलं होतं आणि नक्कल टिळा लावून धाडली होती. आता 'हे माझं नव्हे' असं कोणत्या तोंडाने सांगणार?

गुलाबबाई चहा घेऊन आल्या. त्या दिवाळीनंतर पहिल्यांदा त्या टेबलापाशी थांबल्या. चष्मा वर करून कार्डाकडे बघितलं.

"हे कुणी लावलंय?"

"कोणी म्हणजे? तुम्हीच लावला होता ना, मम्मी. त्याच टिळ्याचं तर..."

"हे माझं बोट न्हाई."

"काय?"

गुलाबबाईंनी उजवी अनामिका पुढे केली. तरुणपणी सुपारी कातरताना अडकित्त्याने बोटाच्या पेरावर तिरपा काप बसला होता. तो भरला, पण खाच राहिली. "मी टिळा लावला की मधी कोरी रेघ ऱ्हाती. चाळीस वर्सं दुकानातल्या मालावर तीच व्हती. हा बघ, सगळा भरल्याला. हे कुणा धडक्या बोटाचं काम हाय."

जागृतीने धडपडत फोन उघडला. आपला जुना फोटो मोठा केला. टिळ्याच्या मधून तिरपी पांढरी रेघ, जशीच्या तशी. तिला हसू फुटलं, पण लगेच डोकं चालू लागलं. सम्राट म्हणेल, फोटो अस्सलचा टाकला आणि पाठवली नक्कल. मग तिने सम्राटांनी मिरवलेला फोटो काढला. मोठा केला. आणि चहाचा कप उचलून एका घोटात संपवला.

रविवारी तीसेक माणसं फोनवर जमली. कार्डसम्राट बोलू लागला. फसवणूक, विश्वासघात, गावाकडची माणसं, पोलीस, असं सगळं त्याच्या तोंडून निघालं. जागृती ऐकत होती. मधेच "बरं," एवढंच म्हणत होती. गुलाबबाई शेजारी अस्वस्थ चुळबुळत होत्या. वीस मिनिटांनी सम्राटाला धाप लागली.

"झालं, भाऊ?" जागृतीने विचारलं. "मग मला एकच सांगा. पार्सल उघडल्यावर तुम्ही ग्रुपवर फोटो टाकला, तो याच कार्डाचा ना? जे परत पाठवलं त्याचाच?"

"मग काय! तेच कार्ड. तुमच्याकडून आलं तेच आणि तुमच्याकडे गेलं तेच. शपथेवर सांगतो!"

"सगळ्यांनी ऐकलं," ती म्हणाली. "आता तन्वीरभाऊ, यांचा तो फोटो मोठा करा. टिळा बघा. आणि हे त्यांनी परत पाठवलेलं." तिने कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं. मग सासूचा हात धरून तोही कॅमेऱ्यासमोर आणला. "आणि हे टिळा लावणारं बोट."

गुलाबबाईंनी ताटलीतल्या कुंकवात अनामिका बुडवली आणि कोऱ्या कागदावर दाबली. मधोमध तिरपी पांढरी रेघ. सम्राटाच्या स्वतःच्या फोटोतही तीच रेघ होती. परत आलेल्या कार्डावर नव्हती. कोणीतरी मोठ्याने "आयला!" म्हणालं.

"त्यांना आलं ते अस्सल होतं, त्यांनी धाडलं ते नकली आहे," तन्वीर म्हणाला. "आता बोला, राव." रावांनी कॅमेरा बंद केला. त्यांचा चौकोन काळा झाला आणि पुढच्या क्षणी गायबच झाला. तो भाऊ पुन्हा त्या ग्रुपमध्ये दिसला नाही.

आठवड्याने एक पार्सल आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, चिठ्ठी नाही. आत काळ्या मुखवट्याचा पैलवान, कमरेवर हात ठेवून, आणि मागे रेघेचा टिळा. जागृतीने त्याच दिवशी सम्राटाचे पैसे परत पाठवून दिले. असल्या माणसाचा एक रुपयाही तिला घरात नको होता. ग्रुपवर लगेच मागण्या आल्या, दुप्पट, तिप्पट. सगळ्यांना आता टिळ्यासकटच हवं होतं. तिने प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, "विकायचं नाही."

यंदाच्या लक्ष्मीपूजनाला गुलाबबाई ताट घेऊन दुकानभर फिरल्या. सुनेच्या टेबलापाशी आल्या आणि हात पदरात घेऊन पुढे निघाल्या.

"मम्मी."

त्या थांबल्या. जागृतीने पाकिटातून सत्तावीस नंबर काढलं आणि पाहुण्यांसमोर, मोठ्याने म्हणाली, "गेल्या वर्षी मी तुम्हाला सगळ्यांदेखत बोलले. चुकलं माझं." तिने कार्ड पालथं करून ताटापाशी धरलं. "लावा."

"आन् पुन्हा डाग पडंल की गं."

"पडू द्या. मागच्याच्या शेजारी लावा. आणि बोट नीट दाबा."

गुलाबबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी अनामिका कुंकवात बुडवली आणि कार्डावर दाबून धरली.