पिंपाचं चिलखत

दारातल्या बाईच्या दोन्ही हातांत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी अवजड होतं. आत येऊन तिने ते वसुंधराबाईंच्या जेवणाच्या टेबलावर सोडलं. चादरीतून एक निळं चिलखत, एक सुटा सिंहाचा मुखवटा आणि मूठ निखळलेली तलवार बाहेर आली.

"मी इनेझ. भुईगावच्या सालोमीची मुलगी," ती म्हणाली. "आई सांगायची, काही चिकटत नसेल तर वसूला विचार. तुमचं घर शोधायला चार दिवस लागले."

वसुंधराबाईंनी आधी सालोमीचीच चौकशी केली. कशी आहे, गुडघे अजून दुखतात का. आई मार्चमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासकाळात गेल्याचं इनेझने सांगितलं. वसुंधराबाई खुर्चीवर बसल्या. बराच वेळ त्या टेबलावरच्या सिंहाच्या आयाळीवरून अंगठा फिरवत राहिल्या.

वसई पूर्वेच्या एका खेळण्यांच्या कारखान्यात दोघी सव्वीस वर्षं एकाच टेबलाशी बसल्या होत्या. बाहुल्यांचे हातपाय, मोटारींची छपरं, बंदुकांचे घोडे, सगळं त्यांच्या हातून चिकटून बाहेर पडायचं. कारखाना बंद झाला, वसुंधराबाई बोळिंजच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, फोन नंबर बदलला. भुईगाव काही लांब नाही, जाऊ एकदा, असं म्हणता म्हणता नऊ वर्षं गेली.

इनेझने अडचण सांगितली. नाताळनंतरच्या शनिवारी गावच्या हॉलमध्ये नाटक होतं. लढायला नकार देणाऱ्या एका रोमन शिपायाचं नाटक तिनेच लिहिलं होतं. सामानही तिनेच बनवलं होतं: सिंह आणि मूठ साच्यात रेझिन ओतून केलेली, पातं पाइप तापवून चपटं केलेलं, चिलखत रसायनांच्या कारखान्यातून आलेल्या प्लास्टिकच्या पिंपाचं. पण चिलखताच्या छातीवर चिकटवलेला सिंह तीनदा गळून पडला आणि रविवारच्या तालमीत तलवारीचं पातं मुठीतून सुटून शिपायाचं काम करणाऱ्या जेन्सनच्या भुवईवर बसलं. तीन टाके पडले. त्याची काही तक्रार नव्हती, पण हॉलच्या कमिटीने तलवारीचा प्रसंगच काढून टाकायला सांगितलं. त्याच प्रसंगात शिपाई तलवार जमिनीवर टाकतो, आणि नाटकाचा जीव तिथेच तर होता.

"काय लावलंस?" वसुंधराबाईंनी विचारलं.

इनेझने सगळं सांगितलं. झटकन धरणाऱ्या गमची ट्यूब, पाइपवाल्याचं सोल्यूशन, ग्लू गनची गरम कांडी, चपलेचा गम.

वसुंधराबाईंनी चष्मा लावला. चिलखताच्या कडेची एक सालटी सुरीने काढली, गॅलरीत जाऊन चिमट्यात धरली आणि पेटवली. ज्योत विझवून त्यांनी चिमटा इनेझच्या पुढे धरला.

"वास घे. जास्त नको, जरासाच. कसला येतो?"

"मेणबत्तीसारखा."

"मला येत नाही. कारखान्यातच गेलं नाक," त्या म्हणाल्या, चष्मा घरी राहिला असं सांगावं तितक्या सहज. मग त्यांनी समजावलं, की हे पिंपाचं प्लास्टिक मेणाच्या जातीचं. ते कुठलाही गम अंगाला लावून घेत नाही. बाजारातला सगळ्यात महागडा आणला तरी उद्या पापुद्र्यासारखा सुटेल. इनेझची चूक हातातली नव्हती, निवडीतली होती.

"मग होणारच नाही का?"

"होईल. त्याला चिकटवायचं नाही. शिवायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पिशवी घेऊन बसने भुईगावला गेल्या. इनेझच्या घराच्या ओटीवर त्यांनी सामान मांडलं. सिंहाची मागची बाजू पॉलिशपेपरने खरबरीत केली, स्पिरिटने पुसली. एपॉक्सी गमच्या दोन ट्यूबांमधून समान भाग काढून, रंग एक होईपर्यंत घोटले आणि सिंह जाड कॅनव्हासच्या तुकड्यावर चिकटवला. रेझिन आणि कापड ते घट्ट धरतं. उद्या कॅनव्हासच्या कडा टोच्याने भोकं पाडून चिलखताला नायलॉनच्या दोऱ्याने शिवायच्या होत्या. म्हणजे छाती वाकली तरी शिवण वाकेल, सिंह सुटणार नाही.

तलवारीचं वेगळं होतं. पाइपवाल्याचं सोल्यूशन पाइपला विरघळवून जोडतं, पण रेझिन त्यात विरघळत नाही. झटपट ट्यूब काचेसारखी कडक होते, हिसका बसला की तडकते. इथेही एपॉक्सीच, पण पाच मिनिटांचं नव्हे, सावकाश सुकणारं. शिवाय मुठीतून आरपार एक खिळा. चोवीस तास कोणीही हात लावायचा नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

हात चालू असताना त्यांनी कधीच कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. नवरा गेला तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या. कारखान्यात नव्या लागल्या, बोटं एकमेकांना चिकटायची, कातडी सोलून निघायची. दिवसाला चारशे बाहुल्या व्हायला हव्या होत्या, त्यांच्या अडीचशेच व्हायच्या. सालोमी आपला भरलेला ट्रे गुपचूप त्यांच्याकडे सरकवायची. तीन महिने.

"मी तिला कधी काही म्हटलं नाही. आधी भीती वाटायची, कोणी ऐकेल. नंतर वाटलं, आता काय म्हणायचं."

इनेझने एपॉक्सीची ट्यूब तेवढी त्यांच्याजवळ सरकवली.

शुक्रवारी शिवण झाली. संध्याकाळी कमिटीच्या माणसांसमोर वसुंधराबाईंनी स्वतः तलवार फरशीवर दहा वेळा आपटली. प्रसंग नाटकात राहिला.

शनिवारी हॉल भरला होता. भुवईवर पट्टी लावलेला जेन्सन मोठ्या आवाजात बोलत होता. शेवटी त्याने तलवार टाकली. ती लाकडी स्टेजवर आदळली, उडाली, पुन्हा पडली आणि अखंड राहिली. मग टाळ्या सुरू झाल्या.

खुर्च्या आवरायला लागल्यावर इनेझ चहा घेऊन शेजारी येऊन बसली.

"मावशी, परवा मला तुमच्यासमोर हे बोलता आलं नाही. आई तुमचं वेगळंच सांगायची. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. कामाला लागताना येतं म्हणून सांगितलं होतं. नवे डबे आले की तुम्ही लेबल मोठ्याने वाचायचात. कशात काय मिसळायचं, कशाला आगीपासून लांब ठेवायचं. आई म्हणायची, वसूने मला कधी उघडं पाडलं नाही. सव्वीस वर्षं वाचून दाखवलं."

वसुंधराबाईंनी कप खाली ठेवला. त्यांना हे माहीतच नव्हतं. लहानपणापासून मोठ्याने वाचायची सवय होती, इतकंच. तसं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण इनेझच्या चेहऱ्याकडे बघून ते तसंच राहू दिलं. नुसता तिचा हात हातात घेतला.

तेवढ्यात जेन्सन घामाघूम होऊन समोर आला. चिलखताचे बंद पाठीमागे होते, त्याचा हात पोचत नव्हता. त्याने पाठ वळवली. वसुंधराबाई उठल्या, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि एकेक गाठ सावकाश सोडवू लागल्या. तो उंच, दांडगा माणूस दोन्ही हात जरासे वर धरून, त्यांचं होईपर्यंत, अजिबात न हलता उभा राहिला.