दुसरा आणि तिसरा वाल्व

अण्णांना ऐकू येत नाही, हे गॅरेजात सगळ्यांना माहीत होतं. माहीत नसल्याचं सोंग फक्त अण्णा आणि आता गॅरेज चालवणारी त्यांची लेक आणत होते. एरवी तिने ते आणखी वर्षभरसुद्धा आणलं असतं. पण आज बाकावर उलटं ठेवलेलं इंजिनाचं हेड तिच्या नवऱ्याच्या लाँचचं होतं. मागच्या महिन्यात वाल्व गळून इंजिनाचा जोर गेला आणि चाळीस उतारूंना घेऊन लाँच तासभर पाण्यावर भरकटत राहिली. उद्या सकाळी ती पुन्हा निघायची होती.

आणि अण्णा वाल्व घासायचे ते कानाने. वाल्वच्या कडेला खरबरीत पेस्ट लावायची, वाल्वला रबरी कपाची दांडी चिकटवायची आणि वाल्व सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर ठेवून दांडी तळव्यांमध्ये फिरवत राहायचं. खरखर मऊ झाली की थांबायचं, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. आज तिसऱ्या सीटवर आवाज केव्हाच मऊ झाला, तरी अण्णांची दांडी आपली चालूच. सीट खाल्ली गेली तर दुसरं हेड आणायचं कुठून?

अण्णा चहाला गेले तशी तिने चोरासारखे हेडमधले दोन वाल्व उचलून उजेडात धरले. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"होतंय ना आज?"

"होतंय."

"अण्णाच करतायत ना?"

"मग दुसरं कोण करणार?" ती म्हणाली आणि तिने घाईघाईत वाल्व परत हेडमध्ये ठेवले.

अण्णांनी येऊन हेडच्या चारही खळग्यांत रॉकेल ओतलं. वाल्व घट्ट बसले असतील तर पंधरा मिनिटं बाजूची भोकं कोरडी राहायला हवी होती. चौथ्याच मिनिटाला दुसऱ्या भोकातून थेंब आला. मग तिसऱ्यातून.

तिचा धीर सुटला. "बास झालं आता, अण्णा," त्यांना ऐकू जावं म्हणून ती ओरडलीच. "तुम्हाला ऐकू येत नाही. त्या लाँचमध्ये माणसं बसतात. उद्यापासून येऊ नका तुम्ही."

पलीकडचा वेल्डर उगाचच आपला चष्मा पुसत बसला. अण्णांनी फडक्याने रॉकेल टिपलं, ते दोन वाल्व काढले आणि घासून कडेला उमटलेल्या करड्या पट्ट्यावरून नख फिरवलं.

"हा रुंद पट्टा तिसऱ्याचा. ती सीट जळकी होती, म्हणून जास्त घासली. हा दुसऱ्यात कसा आला?"

घासलेला वाल्व आपल्याच सीटवर बसतो, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं.

"मी बघायला काढले होते," ती पुटपुटली.

"काय?"

"मी काढले होते. माझ्याकडून बदलले गेले." हेही तिला ओरडूनच सांगावं लागलं, आणि सगळ्या गॅरेजने ऐकलं.

अण्णांनी वाल्व जागच्या जागी बसवले, पुन्हा रॉकेल ओतलं. तिने पंधरा मिनिटं भोकांवरची नजर हलवली नाही. एकही थेंब आला नाही.

"खरखर ऐकू यायची दोन वर्षांपूर्वीच थांबली," अण्णा हात पुसत म्हणाले. "आता तळव्यांना कळतं." मग डबा घेऊन निघाले आणि दारात थांबले. "उद्या येऊ का नको?"

"या," ती म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही, त्यामुळे ते अण्णांपर्यंत पोचलं नाही. ते उत्तराची वाट बघत दारातच उभे राहिले.