माया धरलेली नाही

युरोप बघून आलीस का, असं इथे ऑस्ट्रेलियात, आमच्या बेंडिगोत कुणी विचारलं की मी म्हणते, बघून आले. ते खोटं नाही. मिलानच्या चर्चमध्ये पाद्र्यांच्या जुन्या झग्यांच्या शिवणी मी काचेला नाक लावून बघितल्या. कोमोचं सरोवर माझ्या पाठीशी होतं, कारण तोंड कापडाच्या दुकानाकडे होतं. आम्ही अकरा बायका, सगळ्या शिवणाऱ्या, सगळ्या साठीच्या पुढच्या. प्रत्येकीने मोठ्या सुटकेसमध्ये एक लहान रिकामी सुटकेस घालून आणली होती. दोन कशाला, हे विमानतळावर फक्त नवरे विचारत होते.

बाकीच्या हौसेला निघाल्या होत्या. मी निघाले होते ते एका फोनमुळे.

मार्चमध्ये टॅमसिनचा फोन आला. टॅमसिन माझी मुलगी, एकुलती एक. बेल्जियममध्ये अँटवर्पला राहते, बंदरातल्या एका कचेरीत नोकरी करते. सहा वर्षांत हा तिचा तिसरा फोन.

"आई, ऑक्टोबरमध्ये मी लग्न करतेय. योरिसशी. झगा तू शिव."

मी हो म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात तीच म्हणाली, "पण माझ्या मापाचा. जे माप आहे ना, त्या मापाचा."

असं का म्हणतेस, हे विचारायची सोय नव्हती. टॅमसिन लहानपणापासून अंगाने भरलेली. आमच्याकडे सोळाव्या वर्षी मुली गावच्या हॉलमध्ये पांढरे झगे घालून पहिला नाच नाचतात आणि सगळं गाव खुर्च्या टाकून बघायला बसतं. तिचा झगा मी शिवला तो एक नंबर लहान. मुद्दाम. "तोवर बारीक होशील, बसशील त्यात," म्हटलं. ती बसली नाही. पाठीवरची चेन अर्धी उघडी, त्यावर माझं लोकरीचं जाकीट पिनांनी टाचलेलं, अशी ती त्या कोंदट हॉलमध्ये तीन नाच नाचली आणि मी टाळ्या वाजवल्या. पुढे दर वाढदिवसाला मी एक झगा पाठवत राहिले, दर वेळी एक नंबर लहान. मला वाटायचं, मी तिला हुरूप देतेय. शेवटची तीन पार्सलं न फोडताच परत आली.

म्हणजे आता हा झगा नुसता झगा नव्हता. तो अंगात नीट बसला तर मला मुलगी परत मिळणार होती. बसला नाही तर काय, याचा मी विचारच केला नाही, कारण शिवणकामात मी आजवर कुणाला हार गेले नव्हते.

एक शपथ मात्र घेतली. आकडा बघायचा नाही. बघितला की तोंडातून काहीतरी निघणार, हे मला माझ्याबद्दल ठाऊक होतं. म्हणून टॅमसिनची मापं मी कोरलच्या फोनवर मागवली. कोरल माझी तीस वर्षांपासूनची शेजारीण, वय त्र्याहत्तर, जिभेला हाड नाही.

कोमोच्या त्या दुकानात मोत्याच्या रंगाचं रेशीम मिळालं. ताग्यावर शेवटचे पाच मीटर उरले होते आणि गिरणीने तो रंग काढणं बंद केलं होतं. मी त्यावर हात फिरवत उभी राहिले. कोरल मागून म्हणाली, "ग्लेनिस, कुरवाळून झालं असेल तर विकत घे. तो माणूस लाजून लाल झालाय."

"पुरेल ना गं?"

"पुरेल. उरेल सुद्धा. आणि मापं विचारू नकोस, मी सांगणार नाही."

पॅरिसमध्ये टेकडीवर ते मोठं पांढरं चर्च आहे, त्याच्या पायऱ्यांच्या तळाशी कापडाच्या दुकानांची रांगच रांग. आमची गाईड झेंडी धरून पायऱ्या चढली. वर जाऊन मागे वळून बघते, तर तिच्यामागे कुणीच नाही. अस्तराचं मऊ सुती कापड मी तिथे घेतलं, टॅमसिनला टोचू नये म्हणून तीनदा गालाला लावून बघितलं. संध्याकाळी बसमध्ये कोरल म्हणाली, "पॅरिसला येऊन आपण आयफेल टॉवर बघितला नाही."

"दिसला की मघाशी खिडकीतून."

"तो? मला वाटलं विजेचा खांब."

मी इतकी हसले की पोटात दुखायला लागलं. इतकी हसले होते, हे आता आठवलं की माझा मलाच राग येतो.

झगा बेतायचा कागदी पॅटर्न घेतला जर्मनीत, कोलोनला. साधाच झगा: समोरचा भाग एक, पाठीचे दोन, मध्ये चेन. आमच्याकडे पॅटर्न पाकिटात येतात आणि कागदाच्या कडेत माया आधीच धरलेली असते. शिवणीसाठी दीड सेंटीमीटर जास्तीचं कापड सोडावं लागतं, ती माया. आपण कागदाच्या कडेवरून कापायचं आणि दीड आत टीप मारायची. पंचेचाळीस वर्षं मी असंच बेतत आले. श्वास घेताना कुणी विचार करतं का, तसंच ते.

कोरलने तक्त्यावर बोट फिरवून नंबर शोधला आणि तो कागद माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "खाली बारीक अक्षरात काय काय लिहिलंय जर्मनमध्ये. त्या काउंटरवरच्या पोरीला विचार."

"काय लिहिलेलं असणार? कापा आणि शिवा."

"विचारायला काय जातं?"

"कोरल, तू अजून उशांचे अभ्रे शिवत होतीस तेव्हा मी लग्नाचे झगे शिवत होते."

तिला गप्प बसवलं म्हणून मला वर समाधान वाटलं.

अँटवर्पजवळ गेंटला शिवायला एक हॉल चार दिवसांसाठी आमच्या नावाने घेतलेला होता, मशिनी भाड्याच्या. कोरल पहिल्याच सकाळी म्हणाली, "आधी स्वस्तातल्या मांजरपाटात शिवून बघ." ती चुकीचं बोलत नव्हती. नवशिक्या मुलींना मीही तेच सांगते. पण चारातले दोन दिवस मांजरपाटात गेले तर रेशमाला उरतात किती? मी कात्री हातात घेतली तेव्हा बाकीच्या नऊजणी चहाचे कप घेऊन भिंतीला जाऊन उभ्या राहिल्या, थेंब उडू नये म्हणून. रेशीम कापतानाचा तो बारीक आवाज ऐकायला सगळ्या थांबल्या होत्या.

त्या चार दिवसांत मी सुखी होते, हे सांगितलंच पाहिजे. शिवणी सगळ्या आत दुमडून बंद केल्या, एकही धागा उघडा राहू दिला नाही. त्यासाठी आतलं कापड कापून बारीक केलं. गळ्याला हाताने टाके घातले. टॅमसिनने झगा उलटा करून बघितला तरी तिला आतून काही लागू नये, एवढंच डोक्यात होतं. शेवटच्या दुपारी कोरल टेप घेऊन आली.

"कमरेत एकदा मोजून बघ गं."

"टेप लावणार नाही. जन्मभर तिला टेप लावत आले. आता नाही."

"अगं, तिला नको लावूस, झग्याला लाव."

मी झगा घडी करून पेटीत ठेवला.

गुरुवारी, लग्नाच्या दोन दिवस आधी, आगगाडीने एकटीच अँटवर्पला गेले. तिसऱ्या मजल्यावरचं घर. दार टॅमसिनने उघडलं. केस अगदी बारीक कापलेले, चेहरा गोल, लालबुंद. आणि काय सांगू, छान दिसत होती. मी ते म्हणाले नाही. जिना फार आहे गं, असं म्हणाले.

योरिसने सूप केलं होतं. उंच, हळू बोलणारा मुलगा. आम्ही जेवलो, मग तो स्वयंपाकघरात भांडी घासत बसला आणि आम्ही दोघी आरशासमोर गेलो. टॅमसिनने पेटी उघडली. रेशमावरून तिने तळहात फिरवला.

"आई, किती सुंदर आहे गं हे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतक्या मऊ आवाजात तिने मला किती वर्षांनी हाक मारली होती.

झगा डोक्यावरून उतरला. खांदे बसले. मी मागे जाऊन चेन वर ओढली. ती कमरेपर्यंत आली आणि थांबली. मी दोन्ही कडा धरून जवळ आणल्या. मध्ये चार बोटं अंतर. पुन्हा ओढलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पोट आत घे जरा."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"काय म्हणालीस?" टॅमसिनने आरशातून विचारलं.

"नाही, म्हणजे, चेन अडकलीय."

"चेन नाही अडकली, आई."

"टॅमसिन, मी मुद्दाम नाही केलं. तुझी शपथ. मापं मी बघितलीसुद्धा नाहीत, हवं तर कोरलला विचार!"

ती वळली. "बघितली नाहीस? माझ्या लग्नाचा झगा शिवलास आणि माझी मापं बघितली नाहीस? एवढी किळस येते तुला त्यांची?"

ते तसं नव्हतं. ते कसं होतं हे मला सांगता येईना. मी पर्स उपडी केली, पॅटर्नचा कागद काढला, बडबडत राहिले की कोरलने नंबर बरोबर शोधलाय, हा बघ नंबर. योरिस हात पुसत दारात आला होता. त्याने कागद घेतला, उजेडात धरला. त्याला जर्मन येत होतं. सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरातली ओळ त्याने आधी मनात वाचली, मग आम्हाला सांगितली.

"इथे लिहिलंय की या मापांत शिवणीची माया धरलेली नाही. ती आपली आपण सोडायची."

सहा कडा, प्रत्येक कडेला दीड. नऊ सेंटीमीटर. मी ते मनात मोजलं आणि अक्षरशः ओरडले, "बघ! बघ, लिहिलंय तिथे! मी नाही केलं!" कोर्टात निर्दोष सुटल्यासारखी मी त्या पोराचा हात धरून हलवत होते.

टॅमसिनने तो कागद घेतला. तिला जर्मन येत नाही, तरी तिने तो नीट बघितला.

"मानते," ती म्हणाली. "झगा चुकून लहान झाला. खरंच मानते."

"मग?"

"पोट आत घे, हे कुठे लिहिलंय यावर?"

मी म्हणाले की कापड उरलंय, दोन्ही बाजूंनी पट्ट्या घालते, उद्या दुपारपर्यंत देते, कुणाला कळणारसुद्धा नाही. ती ऐकून घेत होती, त्याच वेळी झगा उतरवत होती. एकही टाका ताणला जाऊ नये इतक्या जपून तिने तो उतरवला, घडी केली, पेटीत ठेवला. अंगात जुना टी-शर्ट चढवला आणि पहिल्यांदा मोठा श्वास घेतला.

"शनिवारी येऊ नकोस, आई."

"टॅमसिन."

"तू बघत असलीस की मी पोट आत धरून उभी राहते. आत्तासुद्धा धरलं होतं, तू दारात आल्यापासून. तेवढा एक दिवस मला नको ते." ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर मी भांडले असते, भांडून कधीतरी समेट झाला असता.

योरिस मला स्टेशनापर्यंत सोडायला आला. पेटी त्यानेच उचलली. वाटेत त्याने दोनदा काहीतरी बोलायला सुरुवात केली आणि दोन्ही वेळा ट्राम आली.

गेंटला कोरलने सगळं ऐकून घेतलं. "गाढव आहेस," म्हणाली. मग माझ्या पलंगावर बसून राहिली. "पट्ट्या लाव. मी नेऊन देते तिच्या दाराशी."

"झग्याचं काही नाही गं त्यात."

"मग कशाचं आहे?"

मी सांगितलं नाही. चूक कापण्यात असती तर मी ती उसवली असती. ही चूक माझ्या जिभेवर तीस वर्षं मुरलेली होती, आणि ती मी जगातल्या सगळ्यात सुंदर रेशमाला गुंडाळून माझ्या मुलीच्या घरी नेली होती. दुसरा कुणी दोषी सापडत नव्हता. मला तो फार हवा होता.

शनिवारी आमच्या सहलीचा शेवटचा मुक्काम अँटवर्पच होता. तो चौक, ते कारंजं, आणि टॅमसिनचं लग्न जिथे लागणार होतं ते नगरभवन. कोरल म्हणाली, "खोलीत बसून छत बघणार आहेस का?" लग्नाची वेळ मला माहीत होती. अकरा. नाही म्हणता आलं असतं. मी पायात बूट घातले.

आम्ही अकराजणी गाईडभोवती गोल करून उभ्या होतो. ती कारंज्यावरच्या पुतळ्याची काहीतरी गोष्ट सांगत होती. अकरा वाजून वीस मिनिटांनी नगरभवनाचं दार उघडलं. दहा-बारा माणसं बाहेर आली, कुणीतरी फुलं उधळली, आणि मग टॅमसिन. निळा झगा, दुकानातून तयार घेतलेला, सैल. कोरलने माझं कोपर घट्ट धरलं. मी तिच्या आडोशाला सरकले, दिसू नये म्हणून.

खांद्यात झगा उतरत होता. बाही लांब होती. कमरेत कुठे ताणलंय का, हे मी शोधत होते, एका बाजूची शिवण, मग दुसऱ्या बाजूची. कुठेच ताणलेलं नव्हतं. तेवढी खात्री झाल्यावर, आता तिचा चेहरा बघावा म्हणून मी मान वर केली, पण तोवर ती पाठमोरी होऊन योरिसबरोबर चौक ओलांडत होती.