पाहुणीचा उपवास

जवळ्याच्या, त्या इवल्या सुक्या कोळंबीच्या, कालवणातला एक कण ताटाच्या कडेला येऊन थांबला होता आणि त्याला चक्क डोळे होते — दोन, काळे, टाचणीच्या टोकाएवढे — त्यांच्याकडे बघता बघता ऋजुताच्या तोंडून निघून गेलं, “मावशी, आज माझा उपवास आहे.”

कसला उपवास? वार तरी कुठला... डोंबिवलीत आई नको त्या घरचं खाणं असंच टाळते. समोरचे हात जोडतात, विषय संपतो. इथे, कल्याणपलीकडच्या कातकरी वाडीत, शेवंतीमावशीने ताट उचललं, झाकलं आणि जेवायला बसलेल्या दोन्ही पोरांना उठवलं.

“थांबा रं. पावनी उपाशी हाय नं? मंग आपुन कसं जेवाचं?”

संध्याकाळी ठाण्यात ऋजुता ‘भुकेविरुद्ध तरुणाई’ मंचातर्फे बोलणार होती. त्याआधी भूक एकदा प्रत्यक्ष बघून घ्यावी म्हणून आलेली... आणि आल्या आल्या तिने घरातली दोन पोरं उपाशी बसवली. आकडेवारीत भर.

“सकाळी ठाकुर्लीला मिसळ हाणलीस ती काय?” तिच्याबरोबर आलेला मंचातला हर्षित कुजबुजला. मग मोठ्याने, “मावशी, माझा नाय हां उपवास!”

“तू पन थांब.”

“मी सोडते उपवास,” ऋजुता घाईने म्हणाली. “आमच्यात चालतं.”

“नको गं बाय, आमच्यापायी देवाचं मोडू नको. करांदं उकडते. उपासाला चालतात नं?”

चालतात. सगळं चालतं. मी खोटं बोलले, एवढंच म्हणायचं — पण मग ती विचारणार, का गं? आणि त्याला उत्तर एकच : तुझ्या हातचं नको वाटलं. हे कुठल्या तोंडाने सांगू?... चूल नुसतीच धुमसत होती. धाकटा झाकलेल्या ताटाकडे बघत नव्हता. न बघण्याची सवय असलेल्या माणसासारखा, हट्ट न करता, दाराबाहेर बघत बसला होता. सांग की. आत्ता सांग. थोरल्या पोराने लाकूड पुढे सारलं, मावशीने फुंकर घातली, आणि सांगायची वेळ, वेळा जातात तशी, गेली.

“स्पीचला भारी आहे हे,” हर्षित हळूच म्हणाला, “पोरं भुकेली, तरी पाहुणीसाठी कंद उकडते!”

“गप रे!”

राग खरा होता. पण त्याच्याआधीच मनाने भाषणातलं वाक्य जुळवायला घेतलं होतं. त्या वाक्यात उपवास खरा होता, सोमवारचा, मावशीचे हात खरखरीत होते, आणि अमुक ठिकाणी थोडं थांबायचं, हेही ठरलेलं... मी तिथे थांबेन, गळा भरून येईल, आणि तो खोटा नसेल — हे तिला आत्ताच, धुराने डोळे चुरचुरत असताना, स्वच्छ कळत होतं, आणि झाल्या गोष्टीची लाज अधिक वाटावी की त्या भरून येणाऱ्या गळ्याची, हे काही केल्या ठरेना.