आकडा तोच राहिला

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. माझ्यावर जे जे उभे राहिले, त्यांतल्या बहुतेकांनी माझ्याकडे रागानेच पाहिले. त्याचे मला काही वाटत नाही. पण एकदा मला जो धक्का बसला, त्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही.

कारखान्यात लोखंडी वजने ठेवून माझी परीक्षा झाली आणि पास होताच माझी रवानगी एका शाळेत झाली. तिथे मुले माझ्यावर उड्या मारत. वजन वाढले की बाई शाबासकी देत. मग मी इस्पितळात आलो. रक्ताचा आजार झालेल्यांना इथे दुसऱ्या माणसाच्या, नवे रक्त घडवणाऱ्या मूळपेशी देतात. त्याआधी फार कडक औषधे द्यावी लागतात. त्या औषधांनी कधीकधी यकृतातल्या बारीक शिरा तुंबतात. अंगात पाणी साठते, पोट फुगते, डोळे पिवळे होतात. वजन तर बहुधा त्याआधीच चढू लागते. शाळेत ज्याचे कौतुक, त्याचीच इथे धास्ती. म्हणून डॉक्टर आल्या आल्या माझा आकडा विचारत, आणि माझा रुबाब वाढला.

एकदा एक बसड्रायव्हर भरती झाला. मला त्याच्याच खोलीत ठेवले होते. मूळपेशी त्याची थोरली बहीण देणार होती. ती त्याला 'धाकट्या' म्हणे. तिची माया नेहमी रागावूनच बाहेर पडे.

डॉक्टरांनी त्याला तपासले आणि नर्सला बजावले, "यांना आधी खूपदा रक्त चढवलंय. लोह साठून यकृत थकलंय. यांना धोका जास्त आहे. वजन आणि पोटाचं माप डोळ्यांत तेल घालून बघा."

बहिणीने त्यातले 'वजन' तेवढे उचलले. "ऐकलंस ना, धाकट्या? वजन उतरलं तर बघच! मी सुया कुणासाठी टोचून घेतेय?"

"खातो गं ताई," तो म्हणाला. पण घास त्याच्या घशाखाली उतरत नव्हता.

पहिल्या वजनाला तो ढगळ गाऊन घालून माझ्यावर चढला आणि मी चमकलोच. पायजम्याच्या दोन्ही खिशांत पाण्याने भरलेल्या बाटल्या! एरवी नर्स गाऊन काढायला लावते, पण तो कुडकुडत होता, म्हणून तिने सोडून दिले. आकडा पाहून बहिणीची कळी खुलली. मी काय करणार? माझ्यावर जेवढा भार पडेल तेवढा मी दाखवतो. त्यानंतर तो रोज सकाळी बाटल्यांसकट येऊ लागला.

कडक औषधे झाली, मूळपेशीही देऊन झाल्या. काही दिवसांनी, अंग भरल्यासारखे वाटून, तो खिशात एकच बाटली घेऊन आला. आकडा मात्र तोच! पुढे तर एकही नाही, तरी आकडा तोच!

"वजन अगदी स्थिर हं, ड्रायव्हरदादा," नर्स म्हणाली.

"ताई, अंगी लागायला लागलं बघ," तो खुशीत म्हणाला.

"मग! मी सांगत नव्हते?"

मित्रांनो, माझे लक्ष त्याच्या पायांकडे गेले. त्याची पावले सुजलेली होती. बाटल्यांतले पाणी बाहेर राहिले होते आणि तेवढेच पाणी त्याच्या अंगात साठले होते. मी ओरडू शकत असतो, तर इस्पितळ डोक्यावर घेतले असते.

त्याच दुपारी नर्सने त्याच्या पोटाला टेप लावली आणि ती थबकली. पुन्हा लावून पाहिली. मग धावत जाऊन तिने डॉक्टरांना आणले. त्यांनी उजव्या बरगडीखाली हात ठेवताच ड्रायव्हर कळवळला. डोळ्यांत पिवळसर झाक होती.

"वजन वाढलं नाही, मग पोट कसं वाढलं?" डॉक्टर बुचकळ्यात पडले. "काटा बिघडलाय का?"

माझ्यावर संशय! मी थक्क झालो.

"काट्याला नका बोलू," ड्रायव्हर पुटपुटला. "मीच खिशात बाटल्या ठेवायचो."

"पहिल्या दिवशीसुद्धा?"

"हो."

डॉक्टरांनी त्याचे कागद उघडले. "अहो, त्या कडक औषधांचं माप त्याच वजनावर काढलं होतं!"

म्हणजे थकलेल्या यकृताला सोसेल त्याहून जास्त औषध गेले होते. गाऊन नर्सनेच राहू दिला होता. बहिणीचा चेहरा पांढराफटक पडला.

"का रे असं केलंस?"

"तू खूश व्हायचीस ना, ताई."

शिरा मोकळ्या करणारे औषध लगेच सुरू झाले. पण त्याची शुद्ध हरपू लागली. तो उभा राहीनासा झाला, तेव्हा त्याला खाटेसकट तोलू लागले. मला कोपऱ्यात सरकवून माझ्यावर हातमोज्यांची खोकी रचली. बहीण उशाशी बसून असे. आता ती त्याला 'खा' म्हणत नव्हती. तो जगेल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

मग एका सकाळी नर्सने माझ्यावरची खोकी उतरवली. दोघांनी धरून त्याला माझ्यावर उभे केले आणि क्षणभर सोडले. अंगातले पाणी ओसरले होते. गाऊन काढलेला होता. बहिणीने आकडा वाचला, पुन्हा वाचला. त्याचे खरे वजन ती पहिल्यांदाच पाहत होती.

"एवढासाच होतास रे तू?" ती म्हणाली आणि तिथेच रडू लागली.

मित्रांनो, माझी काच पुसा, मला जपा, असे मी म्हणणार नाही. आजारी माणसाला मात्र तुमच्या समाधानासाठी बरे दिसायला लावू नका. त्याला विचारा, आणि तो जे सांगेल ते न रागावता ऐका.